बालकांच्या ॲलर्जी-चाचण्या आणि मराठी भाषा : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक परीक्षण

लहान मुलांच्या ॲलर्जीविषयी मराठीत गेल्या काही दशकांत बरेच लेखन झाले आहे. वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतील लेख, रुग्णालयांत पालकांच्या हाती दिली जाणारी माहितीपत्रके आणि प्रयोगशाळांची अहवालपत्रे असे या लेखनाचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. त्यातील वैद्यकाची छाननी वैद्यक जाणणारे करतीलच. परंतु हे सारे अखेर भाषेतून घडणारे व्यवहार आहेत, आणि एखाद्या बालकाच्या ताटात काय वाढावे व काय वाढू नये या निर्णयात त्यांची परिणती होते. म्हणून या लेखनाची भाषा कितपत कार्यक्षम आहे, हा प्रश्न भाषाभ्यासाच्या कक्षेत येतो. प्रस्तुत परीक्षणाचे प्रतिपादन असे की, चाचण्यांचे पर्याय सांगणारे मराठी लेखन यंत्रे आणि सुया यांचे वर्णन बऱ्यापैकी करते. पण ज्या चाचणीपासून सर्व चाचण्यांचा आरंभ होतो ती सर्वस्वी भाषिक आहे, याकडे ते दुर्लक्ष करते.

विवेचनासाठी वर्धा जिल्हा निवडण्यास कारण आहे. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, आणि सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांतून येणारी माता आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेला तरुण डॉक्टर यांची गाठ या संस्थांच्या बाह्यरुग्ण विभागांत पडते. मातेची बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची, डॉक्टरचे शिक्षण इंग्रजीतून, दोघांमधला व्यवहार पुष्कळदा हिंदीमिश्रित, आणि हाती पडणारे पत्रक प्रमाण मराठीत, अशी चार भाषारूपे एकाच मेजावर एकत्र येतात. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीचे विवेचन करताना वऱ्हाडी व नागपुरी यांची स्वतंत्र नोंद घेतली होती. रोगनिदानाच्या लेखनाने मात्र अशी नोंद अद्याप घेतलेली दिसत नाही.

१. संज्ञेचा प्रश्न

'ॲलर्जी' हा शब्द फारसा जुना नाही. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ मध्ये घडविला. ग्रीक भाषेतील 'अन्य' आणि 'कार्य' या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो सिद्ध झाला आहे. एखाद्या पदार्थाशी एकदा संबंध आल्यावर त्याच पदार्थाला शरीर पुढे निराळ्या रीतीने प्रतिसाद देते, एवढेच पिर्के यांना सुचवावयाचे होते. हा बदललेला प्रतिसाद हितकारक असो वा अपायकारक, दोहोंचा समावेश त्या मूळ अर्थात होता. पुढे वैद्यकात या शब्दाचा अर्थसंकोच होऊन तो अपायकारक प्रतिसादापुरता उरला. लोकव्यवहारात त्याच्या उलट अर्थविस्तार झाला. कामाचीही 'ॲलर्जी' असते आणि पाहुण्यांचीही.

मराठीत यासाठी जुना शब्द आहे 'वावडे'. शरीरास न मानवणारा पदार्थ आणि मनास न रुचणारी गोष्ट या दोहोंसाठी तो चालतो. 'पोराले दुधाचं वावडं हाये' असे आई म्हणते, तेव्हा तिच्या विधानाचे निदान तीन अर्थ संभवतात. मुलास दूध आवडत नाही, हा पहिला. दुधातील साखर पचत नसल्याने त्याचे पोट बिघडते, हा दुसरा. दुधातील प्रथिनांविरुद्ध त्याच्या रोगप्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद होतो, हा तिसरा. पहिल्या अर्थास वैद्याची गरज नाही, दुसऱ्यास ॲलर्जी-चाचणीचा उपयोग नाही, आणि केवळ तिसऱ्या अर्थास या लेखनात सांगितलेले पर्याय लागू पडतात. माहितीपत्रके 'ॲलर्जी म्हणजे वावडे' असे समीकरण एका ओळीत मांडून पुढे जातात. हे समीकरण सुबोध खरे; पण ज्या संदिग्धतेचे निराकरण करावयाचे, तिलाच ते व्याख्येचे स्थान देते.

यावर संस्कृतोद्भव संज्ञा घडविणे हा एक उपाय सुचविला जातो. हिंदीत 'प्रत्यूर्जता' हा शब्द कोशात रूढ आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निर्दोष असेलही. परंतु ज्या मातेला तो वाचावयाचा तिच्या दृष्टीने तो ग्रीक शब्दाइतकाच परका आहे. आयुर्वेदातील 'असात्म्य' ही संज्ञा अधिक जवळची. तथापि शरीरास न मानवणाऱ्या सर्वच गोष्टी तिच्यात येत असल्याने वावड्याचीच अडचण तेथे पुन्हा उद्भवते. 'ॲलर्जी' हा शब्द मराठीत स्थिरावला आहे व तो तसाच ठेवावा. उणीव आहे ती शब्दाची नसून, त्या शब्दाभोवती रचावयाच्या वाक्यांची.

२. पहिली चाचणी : निवेदन

बालकाच्या ॲलर्जीचे निदान प्रथमतः पालकाच्या निवेदनावरून होते. काय खाल्ले, किती खाल्ले, त्यानंतर किती वेळाने काय झाले, पूर्वी तोच पदार्थ खाऊन काय झाले होते, या प्रश्नांच्या उत्तरांवरून पुढील चाचणी करावी की नाही आणि कोणत्या पदार्थाची करावी, हे ठरते. वैद्यक या निवेदनास 'इतिहास' म्हणते. 'इति-ह-आस', म्हणजे 'असे खरोखर घडले', ही त्या शब्दाची फोड येथे फार अर्थपूर्ण आहे. वैद्याला घडल्याचा क्रम हवा असतो. कारण शोधणे हे त्याचे काम असते.

मराठीच्या प्रत्ययव्यवस्थेत हा भेद सूक्ष्मपणे व्यक्त होऊ शकतो. 'दुधाने पुरळ उठले' या वाक्यातील तृतीया कारण सांगते. 'दूध प्याल्यावर पुरळ उठले' हे वाक्य केवळ क्रम सांगते. पहिल्या वाक्यात निदान होऊन गेलेले असते, दुसऱ्यात निदानास वाव असतो. त्यामुळे 'कशाने होते?' असा प्रश्न विचारणारा वैद्य वस्तुतः आपले काम मातेवर सोपवीत असतो, आणि तिने दिलेले उत्तर मग पुरावा म्हणून कागदावर नोंदवितो. 'त्या दिवशी काय काय झाले, ते सकाळपासून सांगा' या विनंतीस मिळणारे उत्तर लांबते, पण त्यात काळाचे अंतर येते. आयजीई या प्रतिपिंडामुळे होणारी अन्नाची ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत प्रकट होते. म्हणून येथे काळाचे अंतर हाच निर्णायक पुरावा असतो. मराठी लेखनात 'कोणत्या पदार्थामुळे त्रास होतो याची नोंद ठेवावी' असा उपदेश आढळतो. त्यातील 'मुळे' हा शब्दयोगी अव्ययाचा उपयोग त्या उपदेशाचा हेतूच विफल करतो.

लक्षणांच्या नावांतही असाच गुंता आहे. अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या की मराठी भाषक 'पित्त उठले' असे म्हणतो. या वाक्प्रचारात त्रिदोषविचार गोठून राहिला आहे, आणि त्याच्या अनुरोधाने घरोघर आमसुलाचा लेप दिला जातो. आधुनिक लेखन 'पित्त' हा शब्द अशास्त्रीय ठरवून त्याजागी 'ॲलर्जी' हा शब्द घालते. पण मुलांच्या अंगावर अकस्मात उठणाऱ्या गांधींचे वारंवार आढळणारे कारण विषाणुसंसर्ग हे आहे. तेथे अन्नाच्या चाचण्यांचा उपयोग नसतो. जुन्या शब्दाने दोष पचनाकडे दिला, नव्या शब्दाने तो ताटाकडे दिला. मुलाला आदल्या दिवशी ताप होता काय, हे दोन्ही शब्दांनी विचारले नाही.

या अडचणीचे जागतिक प्रमाणावरील उदाहरण म्हणजे बालकांमधील दमा व ॲलर्जी यांचे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण होय. 'आयझॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५६ देशांतील १५५ केंद्रे होती, आणि महाराष्ट्रातील अकोला, पुणे व मुंबई यांचा त्यांत समावेश होता. या सर्वेक्षणाचे साधन चाचणी नव्हते, लिखित प्रश्नावली होती. ६-७ वर्षांच्या मुलांसाठी पालकांनी आणि १३-१४ वर्षांच्या मुलांनी स्वतः तिची उत्तरे द्यावयाची होती. श्वास सोडताना छातीतून येणाऱ्या बारीक शिटीसारख्या आवाजाविषयी तीत प्रश्न होता. मराठीत या आवाजास सहजपणे जो शब्द सुचतो, तो 'घरघर'. पण घोरण्याचा, कफाचा आणि मरणासन्न माणसाच्या श्वासाचा जाडसर आवाज त्याच शब्दाने सांगितला जातो. नाकाविषयीचा प्रश्न याहून अवघड आहे. सर्दी नसताना शिंका, नाक वाहणे वा नाक चोंदणे असा त्रास झाला काय, असा त्याचा आशय आहे. मराठीत नाक वाहणे यालाच 'सर्दी' म्हणतात; त्यामुळे शब्दशः अनुवाद केला तर प्रश्न स्वतःलाच छेद देतो. 'सर्दी नसताना सर्दी होते काय?' या प्रश्नाचे उत्तर समंजस माणूस 'नाही' असेच देईल. भाषांतराची ही अडचण ओळखूनच सर्वेक्षणकर्त्यांनी मोठ्या मुलांसाठी चित्रफितीची प्रश्नावली तयार केली, हे त्यांच्या विवेकाचे द्योतक आहे. शब्द पुरे पडत नाहीत, तेथे आवाजच ऐकवावा, हा धडा बाह्यरुग्ण विभागातील संभाषणासही घेता येण्यासारखा आहे.

३. पुढील चाचण्या आणि त्यांची नावे

निवेदनानंतरचे पर्याय मुख्यतः चार आहेत. त्वचेवरील टोच-चाचणीत हातावर, अगदी लहान मुलाच्या बाबतीत पाठीवर, संशयित पदार्थाच्या अर्काचे थेंब ठेवून त्वचा किंचित टोचतात व १५ ते २० मिनिटांनी तेथे उठलेला फुगवटा मोजतात. खाजेवरील प्रतिहिस्टामिन औषधे काही दिवस आधी बंद ठेवावी लागतात. एरवी निष्कर्ष फसवा येतो. रक्तचाचणीत विशिष्ट पदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे मोजतात. हे प्रतिपिंड १९६६-६७ च्या सुमारास डेन्व्हर येथे इशिझाका दांपत्याने आणि उप्साला येथे योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. औषधे बंद करता येत नाहीत किंवा इसबामुळे त्वचा मोकळी नसते, अशा मुलास ही चाचणी सोयीची असते. पट्टी-चाचणी संपर्काने होणाऱ्या विलंबित विकारासाठी असते. तिच्या पट्ट्या ४८ तास पाठीवर ठेवतात. चौथी चाचणी म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली संशयित पदार्थ अल्प प्रमाणापासून वाढवीत प्रत्यक्ष खाऊ घालणे. अन्नाच्या ॲलर्जीचा निर्णायक पुरावा हीच चाचणी देते. तीव्र प्रतिक्रिया आल्यास तत्काळ उपचार करता येतील अशाच ठिकाणी ती केली पाहिजे, घरी कदापि नव्हे.

एकाच शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात, याचे उदाहरण म्हणून गाजरगवताचा निर्देश करता येईल. १९५५-५६ मध्ये पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज विदर्भाच्या बांधाबांधावर आहे. त्याच्या स्पर्शाने कातडीस होणारा विकार पट्टी-चाचणीने कळतो. त्याच्या परागांमुळे होणाऱ्या शिंका टोच-चाचणीच्या कक्षेत येतात. दोन्ही विकारांना लोक 'गाजरगवताची ॲलर्जी' म्हणतात. वनस्पती एक, शब्द एक, पण शरीरातील यंत्रणा दोन. म्हणून चाचण्याही दोन. 'ॲलर्जीची टेस्ट करून घ्या' या एकवचनी वाक्यात हा भेद मावत नाही.

या सर्व प्रक्रियांना मराठी लेखन 'चाचणी', 'तपासणी' आणि 'परीक्षा' असे शब्द पर्यायाने योजते. 'परीक्षा' या शब्दात उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेची छटा आहे. याउलट 'कसोटी' हा मागे पडलेला शब्द येथे अधिक अन्वर्थक ठरला असता. सोनार कसाच्या दगडावर संशयित सोन्याची रेघ ओढतो, पण निर्णय देतो तो ज्ञात सोन्याच्या रेघेशी ताडून. टोच-चाचणीचे तंत्र नेमके असेच आहे. हिस्टामिनचा एक थेंब व साध्या खारट द्रवाचा एक थेंब शेजारी टोचला जातो. पहिल्यावर फुगवटा यावा, दुसऱ्यावर येऊ नये, आणि संशयित पदार्थाचा फुगवटा खारट द्रवाच्या मानाने निदान ३ मिलिमीटर अधिक असावा, असा संकेत आहे. चाचणी म्हणजे तुलना, हे 'कसोटी' या शब्दात आपोआप येते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र 'पॉझिटिव्ह' या शब्दाच्या वापरावर घ्यावयाचा आहे. २०२० नंतर हा शब्द खेड्यापाड्यांत 'रोग झाला आहे' या अर्थाने पोहोचला. ॲलर्जीच्या अहवालात त्याचा अर्थ तसा नसतो. शरीराने त्या पदार्थाची ओळख ठेवली आहे व त्याविरुद्ध प्रतिपिंडे केली आहेत, एवढेच तो सांगतो. ज्यांचा अहवाल असा येतो त्यांपैकी पुष्कळ मुले तो पदार्थ निर्वेधपणे खात असतात. उलट 'निगेटिव्ह' अहवाल तुलनेने भरवशाचा असतो. तत्काळ होणारी ॲलर्जी बहुधा नाही, असे त्यावरून म्हणता येते. शेंगदाणा, सोयाबीन आणि इतर कडधान्ये परस्परांची नातलग असल्याने एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्याच्या चाचणीतही दिसू शकते. रक्तातील एकूण आयजीई तर पोटातील कृमींमुळेही वाढते; ग्रामीण भागात ही गोष्ट उपेक्षणीय नाही. 'शरीराने खूण ठेवली आहे' आणि 'शरीर बिथरते' ही दोन विधाने मराठीत सहज वेगळी करता येतात. प्रयोगशाळांच्या अहवालपत्रांत मात्र एकाच इंग्रजी शब्दाने दोहोंचे काम भागविले जाते, आणि पालक त्याचा अर्थ घरी नेऊन लावतात.

४. परिणाम

भाषेतील हा दोष ताटापर्यंत पोहोचतो. अहवालात आठ-दहा पदार्थांपुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलेले असले, की दूध, अंडे, शेंगदाणा, डाळ हे पदार्थ एकामागून एक वर्ज्य होतात. ज्या घरात प्रथिनांचे मार्ग मुळात थोडे आहेत, तेथे हे पथ्य रोगाहून अधिक हानिकारक ठरू शकते. गायीचे दूध बंद करून शेळीचे देण्याचा प्रघात वर्धा जिल्ह्यात विशेष स्वाभाविक वाटेल. सेवाग्राम आश्रमाच्या स्मृतीने शेळीच्या दुधास येथे एक सात्त्विक प्रतिष्ठा आहे. परंतु गायीच्या दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य मुलांना शेळीचे दूधही चालत नाही, कारण दोहोंतील प्रथिने फार सारखी आहेत. 'दुधाची ॲलर्जी' आणि 'गायीच्या दुधाची ॲलर्जी' या शब्दप्रयोगांत गायीचा उल्लेख खुलाशासाठी होतो, पण वाचणारास तो परवानगीसारखा भासतो.

पथ्याचा आणखी एक परिणाम २०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या 'लीप' या ब्रिटिश संशोधनाने दाखवून दिला. ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ६४० अर्भकांपैकी ज्यांना शेंगदाणा कटाक्षाने टाळावयास लावला, त्यांच्यातील १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी होती. ज्यांना तो नियमित दिला, त्यांच्यात हे प्रमाण ३.२ टक्के होते. म्हणजे टाळणे ही नेहमीच सुरक्षित बाजू नव्हे. 'शंका आली की पदार्थ बंद करा' हे वाक्य मराठी लेखनात सावधगिरीच्या स्वरात येते. त्या स्वरामुळेच त्याची तपासणी होत नाही.

या संदिग्धतेचा लाभ बाजार घेतो. एका रक्तनमुन्यावर शेकडो पदार्थांची 'असहिष्णुता' दाखविण्याचे आश्वासन देणाऱ्या तपासण्या आयजीई नव्हे, तर आयजीजी प्रतिपिंडे मोजतात. युरोपीय ॲलर्जी अकादमीने २००८ मध्ये स्पष्ट केले की ही प्रतिपिंडे अन्न खाल्ल्याची खूण आहेत, रोगाची नव्हेत. जो पदार्थ मूल रोज खाते तोच अशा अहवालात ठळक दिसण्याचा संभव अधिक असतो. 'ई' आणि 'जी' या दोन अक्षरांतील हा फरक मराठी वाचकास समजावून देण्याचे काम माहितीपर लेखनाचे होते. ते लेखन त्यावर बहुधा मौन पाळते.

५. उपसंहार

या परीक्षणावर एक आक्षेप येऊ शकतो. कुशल वैद्य अहवालाचा अर्थ नीट लावतो, तेव्हा शब्दांची एवढी चिकित्सा कशास, असे विचारता येईल. आक्षेपात तथ्य आहे. वैद्याचे कौशल्य कोणत्याही पत्रकाने भरून निघणार नाही. परंतु वैद्याची भेट काही मिनिटांची असते, आणि पत्रक व अहवाल वर्षानुवर्षे घरात राहतात. शेजारीण, शिक्षिका, अंगणवाडीसेविका त्यांचाच आधार घेतात. शिवाय वैद्याचे कौशल्य ज्या निवेदनावर उभे राहते, तेही भाषेतूनच त्याच्यापर्यंत येते. सेवाग्रामच्या संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. गावाची बोली ऐकण्याची ही संधी वैद्यकीय शिक्षणात अन्यत्र सहसा मिळत नाही. लक्षणांच्या वऱ्हाडी-नागपुरी नावांचा अर्थच्छटांसह संग्रह करण्याचे काम अशा ठिकाणी भाषाविभाग आणि वैद्यकीय महाविद्यालये यांना मिळून करता येईल, आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी तो विषय लहान नाही.

मराठी लेखनाने तूर्त तीन सुधारणा कराव्यात. निवेदनास पहिल्या चाचणीचे स्थान द्यावे व 'कशाने' ऐवजी 'कशानंतर, किती वेळाने' असे विचारावे. अहवालातील 'पॉझिटिव्ह' शब्दापुढे 'ही खूण आहे, निदान नव्हे' असे मराठीत छापावे. कोणताही पदार्थ वर्ज्य करण्यास सांगताना तो केव्हा पुन्हा द्यावयाचा व कोणाच्या देखरेखीखाली, हेही त्याच वाक्यात सांगावे. गायीच्या दुधाची व अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वयाबरोबर ओसरते, आणि मुदत न सांगितलेले पथ्य आजार सरल्यावरही चालूच राहते.